पुण्यात संशोधनाला येताय? आधी मोडी, मग खोली

जून लागला की मला गावाकडून फोन सुरू होतात. ताई, पीएचडीला नाव लागलं, गाईड मिळाले, आता राहायचं कुठं? फोन करणारी बहुतेक परभणी, नांदेड, बुलढाणा या पट्ट्यातली. विषय एखादं देवस्थान, संत स्त्रिया, नाहीतर एकोणिसाव्या शतकातल्या विधवा. मी परभणीची. पुण्यात इतकी वर्षं गेली की आता नवखे लोक मलाच पत्ता विचारतात. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

खोलीचं आधी उरकू. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर डोळे झाकून घ्या. नाही मिळालं तर औंध-बाणेरकडे फिरकू नका, तिथली भाडी आयटीवाल्यांच्या हिशेबाची असतात. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींमुळे कॉट बेसिसवर जागा मिळते, मेस आणि डबेही तिथेच. घरमालक जात सरळ विचारत नाहीत. आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग "नॉनव्हेज करता का?" उत्तर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण हा प्रश्न येणार हे धरून चाला. फेलोशिप कोणतीही असो, पहिला हप्ता हातात पडेपर्यंत घरून पैसे मागायची वेळ येते, म्हणून चार-सहा महिन्यांची सोय करूनच या.

पेठांत राहण्याचा खरा फायदा पायांना होतो. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत. पुणे मराठी ग्रंथालय नारायण पेठेत, तिथेच केसरी वाडा. धर्मशास्त्राच्या पोथ्यांसाठी आनंदाश्रम, 1888 पासूनचा, अप्पा बळवंत चौकाजवळ. सगळं चालत. भांडारकर संस्था लॉ कॉलेज रस्त्यावर, तीही फार लांब नाही. व्रतवैकल्यांवर काम असेल तर पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड तिथे बसूनच वाचा. घ्यायला गेलात तर खिशाला परवडणार नाही. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहेच. शिवाय 1987 साली सुरू झालेलं स्त्री-अभ्यास केंद्र आहे. तुम्ही इतिहास विभागाचे असलात तरी तिथल्या व्याख्यानांना जाऊन बसा, कुणी हटकत नाही.

आता मुद्द्याचं. मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती, येत नसेल तर पुण्यात येऊन तुम्ही दुसऱ्यांनी छापलेलंच वाचणार. अठराव्या शतकातल्या बाईबद्दल जे छापलं गेलं ते निवडणाऱ्यांना त्या बाईत फारसा रस नव्हता. त्यांना लढाया, तह आणि कारभार हवा होता. राहिलेले कागद कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरात, रुमालांत बांधलेले आहेत. कापडात बांधलेलं गाठोडं म्हणजे रुमाल. तो मिळाला की घाईनं सोडू नका, कागद कोणत्या क्रमानं लागलेत ते आधी टिपून घ्या. नाहीतर पुन्हा बांधताना तुमची आणि शिपायाची दोघांचीही पंचाईत.

मोडीचे वर्ग मंडळात होतात, पुराभिलेख खातंही घेतं. नोकरदार लोक हौसेनं येतात, त्यांच्यात बसा. वर्ग झाला म्हणजे मोडी आली असं नाही. वर्गात वळणदार अक्षर शिकवतात, कागदावर कारकुनाचं पळतं अक्षर असतं. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द कुठं तुटतो त्याची खूण नाही. पहिल्यांदा तारखेची ओळ लावायची सवय लावा. साल बहुधा शुहूर सनाचं, अरबी अंकांच्या नावांत असतं. 'सलास सबैन मया व अलफ' असं दिसलं की उलटीकडून जमवा: हजार, शंभर, सत्तर, तीन. झाले 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवा की इसवी सन येतो. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे पावसाळ्यातला कागद 1772 चा आणि पुढच्या उन्हाळ्यातला 1773 चा. एवढं आलं की निम्मी भीती जाते.

मग बाई शोधायची. सूचीत 'स्त्रिया' असं शीर्षक शोधत बसलात तर हात हलवत परत याल. बाई सापडते ती दत्तकाची परवानगी मागणाऱ्या विधवेच्या अर्जात, वतनाच्या भांडणात, व्यभिचाराच्या आरोपावरून घेतलेल्या दंडात, कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, हिशेबात आणि देवस्थानाच्या खर्चात. नावापुढे 'कोम' दिसलं की ती पुढच्या माणसाची बायको, 'बिन' असलं की मुलगा. रोजकीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, पान भराभर खाली बघत जाताना डोळा 'कोम'वर थांबायला शिकला पाहिजे. देवस्थानावर काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पुजाऱ्यांचे वाद नंतर वाचा, आधी खर्च वाचा. दिवाबत्तीला तेल किती, झाडलोट कोण करतं, नैवेद्याचं धान्य कोण निवडतं. देवळात बाई कुठे उभी होती ते तिथं कळतं, स्थळमाहात्म्यात नाही.

एकोणिसाव्या शतकाचं उलट आहे. तिथे कागद कमी नाहीत, एकेक बाजूचे आहेत. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन घ्या. 1889 ला मुंबईत सुरू झालं, 1890 ला पुण्यात आलं, आणि 1893 मध्ये विद्यार्थिनींच्या धर्मांतरावरून इथे रान उठलं. केसरी एक सांगतो, आगरकरांचा सुधारक वेगळं सांगतो, मिशनची कागदपत्रं तिसरंच. पुण्यातले बरेच जण पहिल्या दोघांवर थांबतात. तुम्ही केडगावला जा. दौंडच्या गाडीनं जाता येतं, रमाबाईंचं मुक्ती मिशन अजून चालू आहे, मात्र आधी पत्र लिहून परवानगी घ्या. ज्या बाईनं मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तिची धार्मिक बाजू आपण 'समाजसुधारक' म्हणून बाजूला सारतो. मला हा आळशीपणा वाटतो. धर्म वगळून स्त्रियांचा इतिहास लिहिणारे पुण्यात पुष्कळ भेटतील. स्त्रिया वगळून धर्माचा लिहिणारे त्याहून जास्त.

आणि पुण्यात आहोत म्हणून पुण्याचाच इतिहास लिहायला हवा असं काही नाही. ताराबाई शिंद्यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध 1882 साली छापला गेला पुण्यात, बाई होत्या बुलढाण्याच्या. महानुभाव पंथातली तेराव्या शतकातली कवयित्री महदाइसा तर आपल्याकडचीच म्हणायची. इथल्या सेमिनारमध्ये तुमची बोली ऐकून कुणी भुवई उंचावली तर उंचावू द्या. जात्यावरची ओवी, गावदेवीचा नवस, अंगात येणं हे तुम्ही ऐकत-बघत मोठे झालात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना शब्दकोशाची गरज तुम्हाला इतरांपेक्षा कमी पडेल.

ज्येष्ठात आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा मात्र ग्रंथालयं सोडा. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. फोटो काढत फिरण्यापेक्षा एखाद्या दिंडीतल्या बायकांजवळ बसा. वर्षभर घर चालवणारी बाई घर कुणावर टाकून आली, पैसे कुठून जमवले, दिंडीत स्वयंपाक कुणाकडे, हे विचारा. त्या बोलतात. उलट तुम्हालाच विचारतात, लग्न झालं का म्हणून. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरातलं कीर्तनही ऐका, बाई कीर्तनकार असेल तर नक्कीच.

बाकी पुणेरी वागण्याचा बाऊ करू नका. दुपारी एक ते चार कुणाच्या दारावरची बेल वाजवायची नाही, फोन करून जायचं, दिलेली वेळ पाळायची. खाजगी संग्रह असलेल्या घरांतून कागद मिळतात ते याच्यावरच. घरच्या आजी चहा विचारतील तेव्हा हो म्हणा, कारण कपाटाची किल्ली बऱ्याचदा त्यांच्याकडेच असते. कुणाच्या खापरपणजीबद्दल काही नाजूक सापडलं तर छापायच्या आधी त्या घराला दाखवा.

कामासाठी कुठेही जाताना गाईडच्या सहीचं पत्र, ओळखपत्राच्या प्रती आणि पेन्सिल जवळ ठेवा, जुन्या कागदाशेजारी शाईचं पेन चालत नाही. फोटोची परवानगी वेगळी मागावी लागते, दरही आधी विचारून घ्या. अर्ज मराठीत करा, कागद कशासाठी हवेत ते दोन ओळींत लिहा, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.