यूएस लीगल रिसर्चला नवीन आहात? 'सुप्रीम' शब्दावर भाळू नका

एलएलबी करून पुण्यातच अमेरिकन लॉ फर्म्ससाठी रिसर्च करणाऱ्या एका ऑफिसात लागले, आता पाच वर्षं होतील, पण दुसऱ्या महिन्यातला तो मेमो आठवला की अजून कानशिलं तापतात. न्यूयॉर्कमधल्या कॉन्ट्रॅक्टचा वाद होता आणि मी ठोकून दिलं, "हा मुद्दा सुप्रीम कोर्टानेच निकाली काढलाय." निकाल होता न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचा. सीनियरने मार्जिनमधे फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं, बाकी काही नाही. तासभर मला चूकच दिसेना!

तर नीट ऐका. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे खटला जिथे उभा राहतो ते खालचं कोर्ट. त्याच्यावर अपेलेट डिव्हिजन, आणि सगळ्यात वर कोर्ट ऑफ अपील्स. खालच्या आणि मधल्या कोर्टातल्यांना म्हणतात जस्टिस, सर्वोच्च कोर्टातल्यांना नुसतं जज, म्हणजे हुद्द्यावरून ओळखावं म्हटलं तरी फसणारच.

कानाला खडा लावला आणि तीन आठवड्यांत परत तेच. सायटेशनमधे, म्हणजे निकालाच्या संदर्भात, 'एफ. सप.' दिसलं, मी ते सुप्रीम धरलं. अहो ते फेडरल सप्लिमेंट नावाचे निकालांचे खंड, त्यात डिस्ट्रिक्ट कोर्टाचे निकाल येतात, म्हणजे फेडरल (केंद्राच्या) कोर्टांमधली सगळ्यात खालची पायरी. सर्किटचे, म्हणजे मधल्या अपील कोर्टांचे, निकाल एफ. थर्ड नाहीतर एफ. फोर्थमधे, आणि खऱ्या सुप्रीम कोर्टाचे 'यू.एस.' किंवा 'एस. सीटी.' खाली. हे पाठच करा, पर्याय नाही.

बाकी नकाशा सोपा आहे, घाबरू नका. 94 डिस्ट्रिक्ट कोर्टं, त्यांच्यावर 13 अपील कोर्टं (12 भागांनुसार आणि पेटंटबिटंटसाठी वेगळं फेडरल सर्किट), वर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. नाइन्थ सर्किटचा निकाल सेकंड सर्किटला बांधत नाही, जसा बॉम्बे हायकोर्टाचा दिल्लीला बांधत नाही. पण आपली सवय इथेच नडते, कारण आपल्याकडे शिडी एकच आणि तिकडे दोन, राज्याची वेगळी, फेडरल वेगळी. दोन वेगळ्या राज्यांतले लोक भांडतायत आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल तर राज्याच्या कायद्यावरचा वादही फेडरल कोर्टात जाऊ शकतो, त्याला डायव्हर्सिटी म्हणतात. तिथे बसलेला फेडरल जजही कायदा राज्याचाच लावतो (1938 ची इरी केस, ती मात्र पूर्ण वाचा), आणि त्या कायद्याचा अर्थ काय यावर शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा. म्हणजे माझ्या त्या मेमोत अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट शोधायचंच नव्हतं, हवं होतं न्यूयॉर्कचं कोर्ट ऑफ अपील्स.

'सर्ट डिनाइड' (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला) दिसलं की निकालावर शिक्कामोर्तब झालं असंही समजू नका. केस ऐकायला नवातल्या चौघांची मतं लागतात, ती मिळाली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे एसएलपी (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) कारण न देता फेटाळतात तसंच हे.

"दोन दिवसांत यूएस लॉ" छाप व्हिडिओ बघू नका, स्पष्टच सांगते. एआयने काढलेला सारांश तर मूळ निकाल उघडल्याशिवाय पुढे पाठवूच नका. 2023 मधे मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेल्या खोट्या केसेस दिल्याबद्दल दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलर दंड केला होता. आणि सगळी उत्तरं आयती देणारा सीनियर मिळाला तर फार खूश होऊ नका. माझं ते प्रश्नचिन्ह परवडलं.

पहिले सहा महिने सगळ्यांचेच असे जातात, चुका होतातच. फक्त पेसरवर (फेडरल कोर्टांचे कागद मिळतात ती साइट) कागद काढताना जपून, पानाला 10 सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त 3 डॉलर. ही मर्यादा नावाने केलेल्या सर्चला आणि ट्रान्स्क्रिप्टला लागू नाही, त्यामुळे कॉमन आडनाव टाकून एंटर मारू नका.