लंडनमधला पहिला महिना: पैसे कुठे गळतात

सप्टेंबरात शिकायला आलेल्या मुलांना लंडन महाग वाटतं, आणि ते आहेच. पण पहिल्या महिन्यात खिशाला जी भोकं पडतात, त्यातली बरीचशी इथले नियम ठाऊक नसल्यामुळे पडतात. दुकानदाराशी घासाघीस करून ती बुजत नाहीत. आधी माहीत असलं की पडतच नाहीत.

हीथ्रोला उतरलात की 'हीथ्रो एक्स्प्रेस' या गाडीच्या पाट्या ठळक दिसतात. ती पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, पण आयत्या वेळी तिकीट काढलं तर चांगलंच झोंबतं. ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, शहराच्या मध्यात यायला साधारण तासभर. मात्र तिच्या बऱ्याच स्टेशनांवर जिने चढावे लागतात. दोन मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइन बरी: भाडं मधलं, आणि सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्प.

ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं: बँकेचं, नाहीतर ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४पासून घेतच नाहीत. ट्यूबला गेट असतं म्हणून विसर पडत नाही. घोळ होतो तो डीएलआरवर, म्हणजे पूर्व लंडनच्या हलक्या रेल्वेवर. तिथल्या बहुतेक स्टेशनांवर गेट नाही, नुसता खांबावरचा रीडर. न टेकवता निघून गेलात की प्रवास अर्धवट धरून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दुसरी गंमत म्हणजे फोनमधलं कार्ड आणि खिशातलं तेच प्लास्टिकचं कार्ड यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं असतात. सकाळी फोन, संध्याकाळी कार्ड असं केलंत तर दोन्हींचे प्रवास एकत्र धरून दिवसाची कमाल भाड्याची मर्यादा लागू होत नाही. शिवाय भारतातल्या बँकेचं कार्ड टेकवत राहिलात तर दर वेळी परकीय चलनाचा आकार लागू शकतो.

बसचं भाडं २०२५ साली १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, तेवढ्याच पैशांत. वेळ हाताशी असेल तर बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढे बसा; शहर ट्यूबमधून कधीच कळत नाही. १६-२५ रेलकार्ड, म्हणजे तरुणांना रेल्वेभाड्यात सूट देणारं कार्ड, घेतलंत तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टरला जोडून घ्या. गर्दीच्या वेळा सोडून ट्यूब-रेल्वेच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. ही सूट ऑयस्टरवरच मिळते, बँकेच्या कार्डावर नाही. हे न कळल्यामुळे कितीतरी मुलं रेलकार्ड बाळगूनही वर्षभर पूर्ण भाडं भरतात.

खोलीच्या बाबतीत एकच गोष्ट घोकून ठेवा: प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकरवी पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणणारा घरमालक नसतो, भामटा असतो. खोली धरून ठेवण्यासाठी फार तर एका आठवड्याचं भाडं, अनामत म्हणून साधारणपणे फार तर पाच आठवड्यांचं. त्यापलीकडे मागणं २०१९च्या कायद्यात बसत नाही. नेहमीच्या भाडेकरारात अनामत ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. तिचा कागद मागून घ्या आणि राहायला गेल्याच दिवशी भिंती, गादी, सिंक यांचे फोटो काढा. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, लागत नाही, पण विद्यापीठाचं पत्र कौन्सिलकडे आपण होऊन पाठवावं लागतं.

कागदपत्रांत आपल्याकडच्या मुलांची अडचण नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. बँकेत एक, डॉक्टरकडे दुसरं असं करू नका. पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे. ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड, म्हणजे दुसऱ्याला आपला व्हिसा तपासता यावा म्हणून द्यायचा आकडा, काढताना कारण निवडावं लागतं: घरासाठीचा वेगळा, नोकरीसाठीचा वेगळा.

जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, ताप येण्याआधीच नाव नोंदवा. नोंदणी फुकट असते. व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारात डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं. दातांच्या उपचारांचे पैसे वेगळे लागतात, म्हणून दात भारतात दाखवून या.

आता स्वयंपाकघर. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिन बदलते. अडॅप्टर १३ अँपिअर फ्यूजवाला घ्या. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. घेतानाच तळाला चुंबक चिकटतो का पाहा, आणि जादा गॅस्केट बॅगेत टाका.

खरी परीक्षा फोडणीची. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बहुतेकदा उष्णतेवर वाजणारा अलार्म असतो, पण कॉरिडॉरमध्ये आणि खोल्यांत धुरावर वाजणारा. म्हणून दार उघडं टाकून 'हवा खेळू द्यायला' गेलात की धूर बाहेर जातो आणि अख्खी इमारत रात्री नऊ वाजता फुटपाथवर उभी राहते. दार बंद, खिडकी उघडी, चिमणी तेल ठेवण्याआधी सुरू. एक मोहरी टाकून बघा. तडतडली की बाकीची टाका आणि कढलं लगेच बाजूला उचला, कारण विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. हिंग, हळद, मिरची उचलल्यानंतरच, वर झाकण. ठसका लागला नाही म्हणजे जमलं.

तूप, पेढे, बर्फी भारतातून आणू नका. दुधाच्या पदार्थांना बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा वेम्बलीच्या ईलिंग रोडवर, साउथॉलला, टूटिंगला मिळतात. गणपतीत डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जा. मंडळ १९३२पासून चालू आहे, आणि खोल्यांच्या खबरा तिथे कानावर पडतात.

कामाचं बघताना जपून. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारण आठवड्याला २० तासांची मुभा असते. आठवडा सोमवार ते रविवार, आणि सगळ्या नोकऱ्यांची बेरीज धरतात. या आठवड्यात २५, पुढच्यात १५ असं चालत नाही. ॲपवर जेवण पोचवण्याचं काम सहसा स्वयंरोजगारात मोडतं आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. मित्राच्या खात्यावर तर मुळीच करू नका. पकडलं गेलं तर व्हिसा जाऊ शकतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. भारताशी फरक साडेचारचा साडेपाच तास होतो, तेव्हा घरच्यांना फोनची नवी वेळ आधीच कळवा. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारचं लेक्चर नसेल त्या दिवशी जेवणाआधीच बाहेर पडा.