हॉरर पिक्चर घरी कसा बघावा, म्हणजे खरंच घाबरायला होईल

परवा एक मित्र म्हणाला, हॉररमध्ये आता काही दम राहिला नाही, मला तर भीतीच वाटत नाही. म्हटलं बघितलास कसा? तर अर्धा जेवताना मोबाईलवर, उरलेला अर्धा लोकलमध्ये, आणि मध्येमध्ये व्हॉट्सॲप चालूच. आता अशा माणसापुढे भुताने तरी काय करायचं.

विनोदी पिक्चर तुम्ही भाजी निवडता निवडता पण बघू शकता, हसू यायचं तिथे येतंच. भयपटाचं तसं नाहीये, त्यात बराचसा वेळ काहीच घडत नसतं, नुसता जिना, नुसतं दार, नुसती बाई पाणी पितेय, आणि त्या काहीच न घडण्यातच सगळा माल भरलेला असतो. तेवढ्यात तुम्ही फोन उचललात की संपलं, मग जे शेवटी येतं ते नुसता मेकअप केलेला माणूस असतो. म्हणून हे सगळं लिहितोय. मी वीसेक वर्षं हे पिक्चर बघतोय, बायकोच्या मते जरा जास्तच बघतोय.

पायरी १: पिक्चर निवडा, आणि सुरुवात भुतापासून करू नका

लोक पहिल्याच रात्री सगळ्यात भयानक म्हणून गाजलेला काहीतरी लावतात आणि मग हसत सुटतात, कारण त्या भुताशी आपली काही ओळखदेख नसते. दुसऱ्या देशातला सैतान, दुसऱ्या धर्मातले मंत्र, आपल्याला कशाला भीती वाटेल. आधी आपल्या घरासारखं घर असलेलं बघा.

माझी पहिली शिफारस कायम ‘कौन’, १९९९ चा, राम गोपाल वर्माचा, लिहिलाय अनुराग कश्यपने. मुसळधार पाऊस, एक बंगला, आत एकटी ऊर्मिला मातोंडकर, टीव्हीवर बातमी की शहरात खुनी मोकाट फिरतोय, आणि बेल वाजते. बाहेर मनोज वाजपेयी, मल्होत्रांचं घर हेच ना म्हणून विचारत उभा. बस्स. पुढे सुशांत सिंग येतो, म्हणजे अख्ख्या पिक्चरमध्ये माणसं तीन, गाणं एकही नाही, आणि दीड तासात खेळ खल्लास. का जमतो सांगू का, तो वाजपेयीचा माणूस घाबरवत नाही, तो चिकट आहे. गोड बोलतो, जात नाही, परत बेल मारतो. असा माणूस आपल्या सगळ्यांच्या दारात कधी ना कधी उभा राहिलेला असतो, कुणी मीटर बघायला, कुणी वर्गणी मागायला, आणि उघडू की नको हा प्रश्न आपण स्वतः हजारदा सोडवलेला असतो. तोच प्रश्न पिक्चर दीड तास ताणतो. वर्माचाच ‘भूत’ (२००३) पण त्याच कारणाने चालतो, मुंबईतला उंच बिल्डिंगमधला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन. वाडा, हवेली, मेणबत्त्या काही नाही, तुमच्यामाझ्यासारखं भाड्याचं घर.

दुसरा ‘लपाछपी’, विशाल फुरियाचा, थिएटरला लागला २०१७ मध्ये. पूजा सावंत आठव्या महिन्यातली गरोदर, नवऱ्याच्या मागे पैसे वसूल करणारे लागलेत म्हणून ड्रायव्हरच्या गावी लपायला जातात, आणि घराच्या चहूबाजूंनी ऊस. हा मी शहरातल्या लोकांना नंतर दाखवतो आणि सांगलीकोल्हापूरकडच्यांना आधी, कारण ज्याने एकदा उसाच्या फडात वाट चुकवलीय त्याला वेगळं सांगायला लागत नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात चार हातांवरचं दिसत नाही आणि सगळीकडून सळसळ सारखीच येते. अंधार न वापरता घाबरवणं फार कमी लोकांना जमतं, इथे ते उसाने करून दिलंय. आणि उषा नाईक. तिची माया बघून पण घशाशी काहीतरी अडकतं. याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला, पण माझं मत विचाराल तर मराठीच बघा.

‘तुंबाड’ (२०१८) तिसऱ्या रात्रीसाठी ठेवा, आणि पावसाळ्यातच. राही अनिल बर्वेचा हा पिक्चर २०२४ च्या सप्टेंबरात परत थिएटरला लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, म्हणजे उशिरा का होईना लोकांना कळलं. त्यातला वाड्यात साखळीने बांधलेल्या म्हातारीचा भाग नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेवरून सुचलाय, आणि मला विचाराल तर त्यातल्या हस्तर या शापित देवापेक्षा तीच जास्त भारी आहे, कारण लहान पोराला एकच काम सांगितलंय, तिला झोपेतच जेवायला घालायचं, ती जागी होता कामा नये. इतका सोपा नियम. नियम जेवढा सोपा तेवढा तो मोडायची वाट बघताना जीव जातो.

घरात लहान मुलं असतील तर यातलं काहीही नको. त्यांना ‘झपाटलेला’ (१९९३) पुरे. तात्या विंचूचा तो बाहुला रामदास पाध्यांनी केलेला, आमच्या वयाचे कितीतरी लोक अजून बाहुल्यांकडे पाठ करून झोपत नाहीत. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला आग्रह करून बसवू नका हे वेगळं सांगायला नको.

पायरी २: खोली आणि टीव्ही

ट्यूबलाइट बंद. झिरोचा बल्ब पण बंद. समोरच्या खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडत असेल तर चादर टांगा, कारण हे पिक्चर बहुतेक काळ्या रंगातच घडतात आणि त्या काळ्यात तुम्हाला स्वतःचा बनियन घातलेला अवतार दिसत असेल तर काय घाबरणार.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ नाहीतर ‘फिल्ममेकर’ ठेवा, आणि ते हालचाल गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग असतं ना, प्रत्येक कंपनीत नाव वेगळं, ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो, टीव्ही त्यांच्या अधेमधे स्वतःच्या मनाच्या फ्रेम्स घुसवतो आणि सगळं संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. भूत सुनेसारखं वावरायला लागतं. ब्राइटनेस आपोआप कमीजास्त होत असेल तर तेही बंद.

एसी असेल तर दोन डिग्री कमी ठेवा. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) च्या शूटिंगला त्या सैतान लागलेल्या मुलीच्या बेडरूमचा अख्खा सेट मशीन लावून गोठवला होता, नटांच्या तोंडातून खरी वाफ यावी म्हणून. आपल्याला एवढं नको, पण पांघरूण ओढावंसं वाटलं पाहिजे. त्याचा उपयोग पुढे आहेच.

पायरी ३: आवाज, इथे कंजूषपणा नको

लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचो साताऱ्याला, तेव्हा रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ लागायचा. आम्ही पाच पोरं एका गोधडीत. खरं सांगायचं तर आम्ही त्यातलं निम्मं बघितलेलंच नाही, टायटलचं म्युझिक सुरू झालं की गोधडी डोक्यावरून, आणि नुसतं ऐकायचं. दार करकरतंय, बाई किंचाळतेय, आजी बाहेरून ओरडतेय बंद करा ते मेलं. पुढे मोठा झाल्यावर तेच एपिसोड परत बघितले तर रबरी मुखवटे, रंगीत लाईट, हसून हसून पुरेवाट झाली. पण त्या गोधडीत ऐकलेलं अजून आठवलं की काटा येतो. तेव्हा कळलं की डोळे मिटून भीती जात नाही, कान बंद केले तरच जाते.

म्हणून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका, साधा साउंडबार नाहीतर बरे हेडफोन असले तरी चालतील. आवाजातला ‘नाइट मोड’ किंवा आवाज आपोआप समान करणारा ऑप्शन बंद करा, कारण तो बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करून सगळं वरणभातासारखं एकसारखं करून टाकतो. आणि व्हॉल्यूम एकदाच ठरवा, कुजबुजीचा सीन स्पष्ट ऐकू येईल एवढा, मग शेवटपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही, किंकाळी आली तरी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा खालचे काका काठी घेऊन वर आले होते.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला ‘सायको’ (१९६०) मधला शॉवरचा खून म्युझिकशिवायच ठेवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या लिहिल्या, ऐकवल्या, आणि हिचकॉकने मत बदललं. तो सीन पाऊण मिनिटाच्या आसपास आहे, शूटिंगला मात्र आठवडा गेला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप. एकदा आवाज बंद करून बघा, पडदा, हात, सुरी, पाणी, पाय, तुकडेच तुकडे. आवाज लावा, अंगावर येतो.

पायरी ४: कुणाला बोलवायचं, काय खायचं

तीन किंवा चार माणसं. एकट्याने पहिल्यांदा नको, आठजण असले की जत्रा होते. प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘आता बघ, आता येणार’ वाला असतो, त्याला बोलवा पण न बघितलेला पिक्चर लावा.

खाण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. वेफर्स, चिवडा, कुरमुरे काही नको, बरोब्बर शांत सीनला कुणीतरी कुरुमकुरुम करतं. उकडलेल्या शेंगा आधीच सोलून ठेवा, किंवा सरळ खिचडी खाऊनच बसा. कुकर, दूध, पार्सल मागवायचं असेल तर सगळं आधी उरकून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत. सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या, कारण मध्येच कुणी एकटं जाणार नाही आणि मग पिक्चर थांबवावा लागतो.

पायरी ५: बघताना डोकं कुठे ठेवायचं

कुकर लावून तिसऱ्या शिट्टीची वाट बघताना दुसरी झाल्यापासून आपण कसे अर्धवट होतो, पेपर वाचतो पण कान तिकडे. ते म्हणजे सस्पेन्स. आणि शेजारच्याने फटाका फोडल्यावर दचकतो ते नुसतं दचकणं. हिचकॉक हेच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगायचा, बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, आणि बॉम्ब आहे हे त्याला आधी माहीत असेल तर तेच पंधरा मिनिटं पुरतं. पिक्चर बघताना स्वतःला विचारत राहा, आत्ता मला काय माहितीये जे त्या पात्राला माहीत नाहीये?

दचकवणं वाईट असं नाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ मध्ये एक बाई रात्री एकटी चालतेय, मागून कुणीतरी येतंय, पावलं वाढतात, आणि एकदम जोरात फिस्स... बस येऊन थांबते, ब्रेकचा आवाज. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून अशा फसव्या दचक्याला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. आपल्याकडे बसच्या जागी मांजर उडी मारते, एवढाच फरक. पण ज्या पिक्चरमध्ये दर पाच मिनिटाला मांजर उडी मारते तो खुशाल बंद करा.

आणि फ्रेमच्या कडा बघा. पात्राच्या चेहऱ्याकडे सगळेच बघतात, तुम्ही त्याच्या खांद्यामागचं उघडं दार बघा. बऱ्याचदा तिथे काहीच येत नाही. ‘जॉज’ (१९७५) मध्ये मशीनचा शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो दाखवताच येईना, मग नुसतं पाणी, शार्कला अडकवलेले ते पिवळे पिंप आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर. शार्क नीट दिसेपर्यंत तासभर उलटून जातो, तोवर लोक पाण्याला घाबरलेले. ‘ब्लेअर विच’ (१९९९) वाल्यांनी तर चेटकीण शेवटपर्यंत दाखवलीच नाही, तीन नट, हातात कॅमेरे, मेरीलँडचं जंगल, आठ दिवसांचं शूटिंग. काही लोक हा बघून चिडतात, काहीच दिसलं नाही म्हणून. मला वाटतं तो शेवटचा कोपऱ्यातला माणूस ज्याने बघितला आणि ज्याला त्याचा अर्थ लागला त्याची तक्रार नसते.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी उजेडात परत बघा

ही पायरी सगळे गाळतात. सगळ्यात जास्त घाबरवलेला एकच सीन काढा, सकाळी चहा घेत, आधी म्यूट करून, मग आवाज लावून. घड्याळ लावून मोजा, शांतता किती सेकंद होती. बहुतेक वेळा वाटलं त्याच्या निम्मी निघते.

‘रिंगू’ (१९९८, हिदेओ नाकाता, जपानी) मधलं सदाको नावाचं भूत टीव्हीतून बाहेर येतं तो सीन यासाठी झकास. तिचं चालणं बघा, काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही. त्या नटीला उलटं चालायला लावून शूट केलंय आणि नंतर फिल्म उलटी फिरवलीय, त्यामुळे ती पुढे येते पण अंगाचा तोल, केस, कपडे सगळं भलतीकडे जातं. माणसासारखं आणि तरी माणूस नाही. हे मला कळल्यावर वाटलं आता भीती जाईल. गेली नाही, उलट आता चालण्याकडेच जास्त लक्ष जातं.

पायरी ७: झोप

पिक्चर संपल्या संपल्या लगेच आडवे होऊ नका. दिवे लावा, चहा करा, भूत कुठे ढिलं पडलं, शेवट पटला का नाही यावर भांडा, अर्धा तास गेला की जीव खाली येतो. पांघरूण इथे कामाला येतं, पाय बाहेर राहता कामा नयेत. आणि शेवटचा दिवा कोण बंद करणार हे पिक्चर लावायच्या आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नंतर कुणीही उठत नाही, आमच्या हॉलमधला मागच्या शनिवारी सकाळपर्यंत चालू होता.