मुलांना मैफलीला नेताय? निदान या चुका टाळा

डिसेंबर आला की पुण्यात एक दृश्य ठरलेलं. पाच-सहा वर्षांचं पोर, अंगात नवा कुर्ता, एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाबा, आणि बाबांच्या खिशात शास्त्रीय संगीताच्या 'सवाई' महोत्सवाचा सीझन पास. दुपारी चारला मंडळी बैठकीत जागा धरतात. पहिला कलाकार अर्धा ऐकेपर्यंत पोर मजेत असतं, कारण मोठा पडदा, गर्दी, बाहेर वड्याचा वास. पाच-सव्वापाचला ते विचारतं, "संपलं?" मग "अजून दोनच कलाकार राहिलेत" अशी समजूत. सहाला ते सतरंजीवर आडवं होतं आणि पुढच्या आजोबांच्या पाठीत पाय घालतं. साडेसातला, ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला ते बुवा षड्ज, म्हणजे पहिला 'सा' लावतात आणि नेमकं तेव्हाच पोर भोकाड पसरतं. आई त्याला उचलून चपला तुडवत बाहेर पळते. पुढच्या वर्षी गाण्याचं नाव काढलं की पोर म्हणतं, "मला नाही यायचं."

यात पोराची चूक शून्य. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव 1953 पासून चालू आहे आणि तो मुरलेल्या कानांसाठी आहे. एकामागून एक कलाकार, प्रत्येकाचा साधारण तासाभराचा वेळ, हजारोंची गर्दी. पोहायला शिकवताना आपण कुणाला थेट समुद्रात ढकलत नाही. पण पास महाग, म्हणून 'वसूल' करायचा, आणि त्या वसुलीत मुलाचं गाणं बुडतं.

पहिली मैफल कुठली, तर गुरुपौर्णिमेची. आषाढात जवळपास प्रत्येक गाण्याच्या, तबल्याच्या क्लासचा कार्यक्रम असतो. एखाद्या शाळेचं सभागृह, शंभरेक माणसं, प्रवेश मोफत. आठ-दहा वर्षांची मुलं पाच-सात मिनिटं भूप नाहीतर दुर्गा राग गातात, चुकतात, पुन्हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर येतात. आपल्याएवढंच कुणीतरी गातंय हे पाहून लहान मूल जेवढं टक लावून बसतं, तेवढं कुठल्याही पंडितासमोर बसत नाही. शेवटी गुरुजी स्वतः अर्धा-पाऊण तास गातात. मूल टिकलं तर तेही ऐका, नाही तर दोन गाण्यांच्या मध्ये शांतपणे उठा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुसरी पायरी घरगुती बैठक किंवा एखाद्या संगीत मंडळाची मासिक सभा. कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबसारख्या जुन्या संस्था याच कामासाठी आहेत. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गाणं असतं, तिथे मूल अंगणात दोन फेऱ्या मारून परत येऊन बसू शकतं. सवाईला दोन-तीन वर्षांनी न्या, तेही एकाच कलाकारासाठी.

दुसरी चूक, आणि ही जाणती माणसंही करतात: पहिल्याच फटक्यात विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) जवळजवळ मिनिटभराचं. तुम्हाला मजा येते, कारण गायक समेवर कसा येणार याची तुम्ही वाट पाहत असता. मुलाला सम नावाची काही चीज आहे हेच ठाऊक नाही, मग ते कशाची वाट पाहणार? त्याच्या दृष्टीने एक माणूस 'आ' करून बसलाय.

म्हणून आधी ताल. घरी सोळा मात्रांच्या त्रितालाचा ठेका लावा, मोबाइलवरचं तबल्याचं कुठलंही ॲप चालेल, लय मिनिटाला 80 मात्रांच्या आसपास. आवर्तन 12 सेकंदांत पुरं होतं, मुलाला तेवढं धरता येतं. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उलटा. रोज जेवणाआधी दहा मिनिटं, आठवडाभर. 'ना धिं धिं ना' तोंडाने म्हणू द्या, नुसतं मोजायला लावू नका, मोजणं म्हटलं की शाळा आठवते. त्रिताल हातात बसला की झपताल: दहा मात्रा, टाळ्या एक, तीन, आठवर, खाली सहावर. त्याची दोन-तीन-दोन-तीनची चाल मुलांना फार आवडते. एवढं झाल्यावर मैफलीत मूल स्वतःहून मांडीवर बोटं आपटायला लागतं आणि सम पकडली की तुमच्याकडे बघून हसतं.

याच कारणासाठी पहिल्या दोन-तीन मैफलींत एक तरी एकल तबल्याची असावी. सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे एकच छोटी धून, तोच तोच फिरत राहतो, त्यामुळे मूल हरवत नाही. वादक मध्ये मध्ये तबल्याचे बोल ('धा', 'तिरकिट' वगैरे) आधी तोंडाने म्हणून दाखवतो, मग वाजवतो, हा तर मुलांच्या लेखी खेळच. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा आणि शेवटचा 'धा' समेवर, एवढं आधी सांगून ठेवा. चक्रदारच्या वेळी, म्हणजे तिहाईसकट अख्खा तुकडाच तीनदा येतो तेव्हा, पोर श्वास रोखून बसतं. जागा मात्र तबल्यावरचे हात दिसतील अशी धरा, पहिल्या रांगेचा सोस नको. रांगेच्या कडेला आणि दाराजवळ बसा.

शॉर्टकटवाल्यांसाठी दोन शब्द. "हे बघ, हे सिनेमातलं गाणं याच रागात आहे" असं सांगून मुलाला बसवलं, की ते तासभर त्या गाण्याची वाट बघतं. ते येत नाही, मूल हिरमुसतं, आणि समोर जे चाललंय ते ऐकायचंच राहून जातं. राग ओळखीचा करायचाच असेल तर त्या रागातली एखादी मध्यलयीची छोटी बंदिश (बांधलेली रचना) आठवडाभर घरात सहज वाजू द्या, समोर बसवून ऐकवू नका. आणि पडद्यावर कार्टून नाचवत राग शिकवणारे 'बालमैफली'चे प्रयोग कितीही गोड असोत, तिथून मूल कार्टून घरी आणतं.

तंबोरा जुळवण्याचा वेळ वाया जातो असं समजून उशिरा पोचू नका. बरेच कलाकार आतल्या खोलीत जुळवून येतात, पण तबला मंचावरही हातोडीने लावतात. बाजूचे लाकडी गट्टे ठोकले की आवाज चढतो, हे मुलाला दिसतं. तंबोऱ्याच्या चार तारा बहुधा प-सा-सा-सा अशा लावतात आणि घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवला की तार गुंजायला लागते, हे आधी सांगितलंत तर ती पाच मिनिटं पुढच्या पाऊण तासापेक्षा जास्त लक्षात राहतात.

आवाजाचं भान ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथून उठा, स्पीकरच्या तोंडाशी मुलाला कधीच बसवू नका. तीन वर्षांखालच्या बाळाला सभागृहात आणण्याचा हट्ट कशाला, तो तुमचा छंद आहे, त्याचा नाही.

खाऊ: केळं, राजगिऱ्याचा लाडू, डब्यातला पोळीचा रोल. कुरकुरणारी पाकिटं आणि चिरमुरे घरी ठेवा.

मोबाइल: हातात देऊन गप्प बसवायचं असेल तर येऊच नका. अंधारात तो उजेड मागच्या चार रांगांना दिसतो.

मैदानावर कार्यक्रम असेल तर स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे. थंडी सतरंजीखालून येते.

मूल बोललं की आईबाबांची "शूऽऽ" मुलाच्या आवाजापेक्षा दुप्पट मोठी असते. कानात सांगा, नाही तर बाहेर न्या.

उठायचं कधी, तर बंदिश संपून टाळ्या पडतात तेव्हा. आलाप चालू असताना नाही.

सकाळच्या मैफली मुलांना जास्त मानवतात आणि आपण त्या विसरतो. रात्री दहानंतर मैदानावर ध्वनिक्षेपकाला बंदी आल्यापासून रात्रभराच्या मैफली गेल्या, त्यांच्याबरोबर ललत, भैरव असे पहाटेचे राग ऐकायची सोयही गेली. उरल्या त्या दिवाळी पहाट आणि रविवार सकाळच्या सभा. सहाला उठणारं मूल सातला अगदी ताजं असतं, संध्याकाळी सातला ते दिवसभर दमलेलं असतं. दिवाळी पहाटेला अभंग, नाट्यपदं अशा छोट्या छोट्या रचना असतात, तेही सोयीचंच.

आता सगळ्यात संताप आणणारी चूक. परतीच्या रिक्षात सुरू होते तोंडी परीक्षा: "कुठला राग होता? ताल कुठला होता? आजीला सांग बरं काय ऐकलंस!" मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, 'आमच्या चिरंजीवांनी आज अडीच तास...' इत्यादी. मूल हुशार असतं, दोन वेळा हे झालं की मैफल म्हणजे धडा, हे त्याला कळतं. काही विचारू नका. दोन दिवसांनी आंघोळ करताना ते आपणहून काहीतरी गुणगुणतं, बहुतेक वेळा तिहाईचा तुकडा नाहीतर तराण्यातलं (अर्थ नसलेल्या बोलांच्या गाण्यातलं) 'दिर दिर'. तेव्हाही "अरे वा, परत म्हण" असं करून पाहुण्यांपुढे उभं करू नका. आणि दुसऱ्याच दिवशी क्लासला नाव घालून 'प्रारंभिक'च्या, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेची तारीख विचारू नका. वर्षभर नुसतं ऐकू द्या, महिन्याला एक मैफल, पाऊण तास. क्लासची मागणी त्याच्याकडून आली तर बघा.