कुंदा घरी ठेवा, रेनकोट घ्या

नॉर्वेला निघताय? आधी बॅगेतून कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, काढा. भारतातून दुधाचे, मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. बेळगावच्या शहापुरातून घेतलेला माझा अर्धा किलो विमानतळावरच राहिला. शेंगदाण्याची चटणी न्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचंच प्या.

ओस्लोहून बर्गनच्या रेल्वेत बसा आणि मिर्डालला उतरा. तिथून फ्लॉमची गाडी 866 मीटर उंचीवरून 20 किलोमीटरांत थेट फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठी उतरते. वाटेत शोसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, तेव्हा दार उघडताच बाहेर पडा. कॅसलरॉकचा घाट उतरून दूधसागर पाहिलेल्यांना ती मजा वेगळी सांगायला नको.

फ्लॉमहून गुडवांगनची बोट धरा. नॅरॉयफ्योर्ड कुठे कुठे जेमतेम 250 मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंनी सरळसोट कडे. डेकवरच उभे राहा, काचेआडून काय दिसणार! व्हायकिंगांची आठवण हवी तर बोर्गुंडचं लाकडी चर्च बघा. सुमारे 1180 चं, छपरावर ड्रॅगनची तोंडं.

बर्गनला पाऊस ठरलेलाच. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच हवा. धो धो पावसाच्या कणकुंबीच्या पाहुण्यांना हे सांगितलं तर हसले, "त्यात काय नवीन?"