शेवटच्या गाण्यातला चिरका 'स'

रेकॉर्डची बाजू संपत आली की प्रत्येक 'स' चिरका यायचा. माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजची (खाचेतून आवाज उचलणाऱ्या, सुई बसवलेल्या भागाची) सुई गोल टोकाची. आतल्या वळणांवर खाचेतल्या लाटा दाटीने येतात, तिथे ती नीट बसतच नव्हती. म्हणून लंबगोल टोकाचं ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई हे कार्ट्रिज घेतलं. पुढे याच मालिकेतली वरच्या दर्जाची नुसती सुई लावता येते, हे मला फार मोलाचं वाटलं. सुईचा दाब काट्यावर मोजून २ ग्रॅम ठेवला आणि प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिज सरळ बसवायच्या आखीव पट्टीवर) कोन जुळवायला अख्खी दुपार दिली. चिरकेपणा जवळजवळ गेला.

तरी वरचे सूर टोचत होतेच. कारण निघालं केबलमध्ये! या कार्ट्रिजला केबल आणि प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) मिळून १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, हवा. माझ्या लांब केबलमुळे बेरीज बरीच वर जात होती. आखूड केबल लावली, कपॅसिटन्स बदलता येणारा साधा प्रीअँप घेतला आणि तो सर्वांत कमी आकड्यावर ठेवला. प्रीअँपच्या इनपुटचा विद्युतरोध मात्र ४७ किलोओहमच. अर्थिंगची तार घट्ट केल्यावर मागचा घूं-घूं आवाजही थांबला. आता शेवटच्या गाण्यातही गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.