छज्जा किती बाहेर काढायचा? ग्रासहॉपर उघडण्याआधी आणि नंतर

“छज्जा दोन फूट” ही आमच्या पुण्याच्या ऑफिसातली जुनी सवय. ती मोडायची तर ग्रासहॉपर (राइनो या 3D मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये आकडे बदलून आकार बदलायचं साधन) उघडण्याआधी कागद घ्या.

पुणे साधारण 18.5 उत्तर अक्षांशावर. 21 मार्चला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 71.5 अंशांवर असतो, 21 डिसेंबरला 48 वर. दक्षिणेची खिडकी 1.2 मीटर उंच, छज्जा तिच्या वरच्या कडेलाच. मार्चमध्ये पूर्ण सावलीसाठी 1.2 भागिले टॅन 71.5, म्हणजे 40 सेंटिमीटर पुरे. डिसेंबरसाठी 108 लागतील, पण ते ऊन मी अडवत नाही. थंडीत घरातली म्हातारी माणसं तिथेच येऊन बसतात.

आता राइनो. ग्रासहॉपरमध्ये छज्ज्याची खोली नंबर स्लायडरला (आकडा कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला) जोडा, 300 ते 900 मिलिमीटर. लेडीबग हे ग्रासहॉपरमधलं ऊन-हवामानाचं प्लगइन; त्याच्या सनपाथला (सूर्याचा मार्ग काढणाऱ्या भागाला) पुण्याच्या हवामान फाइलमधलं स्थान आणि हवे ते तास द्या. त्याचे व्हेक्टर, म्हणजे सूर्यकिरणांच्या दिशा, डायरेक्ट सन अवर्समध्ये (थेट ऊन किती तास पडतं ते मोजणाऱ्या भागात) द्या; खिडकी जिओमेट्री म्हणून, छज्जा कॉन्टेक्स्ट म्हणजे ऊन अडवणारी वस्तू म्हणून. मार्चच्या मध्यान्हीचं उत्तर कागदाशी जुळलं तरच पुढे जा.

सनपाथमध्ये उत्तर दिशा द्यायला विसरू नका! एकदा मी विसरले. प्लॉट 30 अंश वळलेला होता, साइटवर मिस्त्रींनी सावली बघून विचारलं, “मॅडम, ऊन तर आत येतंय?” तेव्हापासून उत्तरेचा बाण मी सगळ्यात आधी तपासते.

पश्चिमेला स्लायडर कितीही ओढा, संध्याकाळचं ऊन छज्ज्याखालून येतंच. तिथे उभ्या पट्ट्या लावा आणि स्लायडर त्यांच्या कोनाला द्या.